पेटीवर राहिलेले कागद

माझ्या हातच्या सुताचा हार आप्पासाहेबांच्या गळ्यात पाचेक मिनिटं होता. मग तो बादलीत गेला.

शाळेच्या पटांगणात निरोपाची सभा होती. आप्पासाहेब आमच्या भागाचे आमदार. तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो आणि विधानसभा नागपूरला भरायची. आप्पासाहेब जेलात जाऊन आलेले, अंगावर खादी, दोन्ही वेळ प्रार्थना. आता राजकारण पुरे, भूदानासाठी गावोगाव पायी फिरणार, असं सांगून त्यांनी राजीनामा दिला होता. सभेत त्यांनी मला वर बोलावलं. मी त्यांच्याच संस्थेच्या शाळेत मास्तर होतो. बावीस वर्षांचा. महारपुऱ्यातला पहिला मॅट्रिक.

"हा आमचा हरिजन मास्तर," ते लोकांना म्हणाले. "पहिला हार मी याच्या हातचा घेणार."

टाळ्या पडल्या. मी सुताच्या गुंडीचा हार त्यांच्या गळ्यात घातला. पंधरा दिवस बसून कातलेलं सूत होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो हात बराच वेळ तसाच राहू दिला. फोटोवाला आला होता.

सभा संपल्यावर खुर्च्या पोचवायला मी त्यांच्या घराच्या मागच्या अंगणात गेलो. बाकीचे दहा-बारा हार ओसरीतल्या झोपाळ्यावर कोरडे पडले होते. माझा हार आप्पासाहेबांच्या पत्नीनं, बाईसाहेबांनी, धुणं ढवळायच्या काठीवर उचलला होता. त्यांनी तो बादलीत बुडवला, काठीनं दाबला, पुन्हा बुडवला. मग मी दिसलो.

"सूत भिजवलं की पक्कं होतं," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "हो."

कातणारा मी. सूत कशानं पक्कं होतं ते मला माहीत नव्हतं का? पण मी हो म्हणालो, वर हसलोही. त्यांनी केलं त्याचा राग मला पुढे पुष्कळ आला. माझ्या त्या 'हो'ची मात्र लाज वाटते, आणि राग जुना झाला तरी ती जुनी होत नाही. पुढचं सगळं त्या 'हो'मधूनच झालं.

आप्पासाहेबांच्या जागेवर पोटनिवडणूक लागली. आप्पासाहेबांनी राजकारण सोडलं होतं, पण पुतण्याला धरलं होतं. पुतण्या उभा राहिला. त्याचं चिन्ह तराजू. त्याच्यासमोर हिंगणघाटच्या गिरणीतला एक कामगार उभा राहिला. आमच्यातलाच. त्याचं चिन्ह शिडी. तो सायकलवर फिरायचा आणि सभेला त्याच्याकडे खुर्चीसुद्धा नसायची. वस्तीतल्या ओट्यावर उभा राहून बोलायचा.

त्या वेळी मतदानाची रीत आजच्यासारखी नव्हती. शिक्का मारायचा नसे. पडद्यामागे प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी असायची आणि पेटीवर चिन्हाचा कागद चिकटवलेला असायचा. हातात मिळालेला कोरा कागद आपल्या पेटीत टाकायचा, झालं. ज्या पेटीत कागद, त्याला मत.

बावन्न सालच्या पहिल्या निवडणुकीत आमच्या पुऱ्यातल्या एकाही बाईनं मत दिलं नव्हतं. नाव लिहायला आलेल्या माणसाला बायांनी सांगितलं होतं, मी अमक्याची माय, मी तमक्याची घरवाली. अशी नावं मग यादीतून उडवली गेली. पोटनिवडणुकीआधी याद्या पुन्हा लिहायच्या होत्या आणि आमच्या पुऱ्याचं काम माझ्याकडे आलं. मी दारोदार फिरलो. बाया पदरात तोंड लपवून हसायच्या. स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडानं घ्यायची त्यांना सवय नव्हती.

माझी माय मात्र हसली नाही. बाप मी सातवीत असताना गेला होता. सरकी निवडून आणि लोकांचं निंदण करून तिनं मला मॅट्रिक केलं होतं.

"लिह," ती म्हणाली. "पुनाबाई. आंदी माह्यं नाव लिह, मंग तुह्या बापाचं."

मी लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण कागदावर आपलं नाव नेमकं कुठं आहे ते तिनं विचारून घेतलं आणि त्याच्यावर बोट ठेवलं. एकतीस बायांची नावं मी लिहिली. त्या दिवसांत मी स्वतःवर फार खूष होतो.

मतदानाला आठवडा राहिला तेव्हा आप्पासाहेबांनी बोलावलं. मी ओट्याच्या पायरीवर उभा, ते वर सतरंजीवर. चरखा चालू होता.

"तुमच्या बाया सकाळी सकाळी येणार," ते म्हणाले. "त्यांना शेतावर जायचं असतं. त्यांच्यानंतर गावातल्या बाया येणार. पेटी तीच. पाटील म्हणतात, यांनी हात लावलेल्या पेटीला आमच्या घरच्या बाया हात लावणार नाहीत. मी हे मानत नाही, तुला माहीत आहे. पण लोकांची मनं अशी एका दिवसात बदलत नाहीत. तू थोडं सांभाळून घे. पेटीला हात न लावता कागद वरून सोडायचा. एवढंच."

आवाज इतका गोड की कोणी माझीच काळजी करतंय असं वाटावं. वर ते असंही म्हणाले की तराजूचा एजंट म्हणून त्या दिवशी मतदानाच्या खोलीत मीच बसायचं. आमच्यातला माणूस खुर्चीवर बसलेला लोकांना दिसला पाहिजे.

मी हो म्हणालो. दोन्हीला.

खरं ते इथंच सांगतो, नाहीतर पुढं सांगायला जीभ अडखळेल. बावन्न साली मी पेट्या बैलगाडीत चढवायला मदत केली होती. ती पेटी मी जवळून पाहिली होती. तिची फट बारीक होती, नखाएवढी. कागदाची घडी करून, एका हातानं पेटी धरून, दुसऱ्या हाताच्या बोटानं तो आत दाबावा लागायचा. वरून सोडला तर तो आत जाणारच नव्हता. हे मला माहीत होतं. आप्पासाहेबांना माहीत होतं का? आजही मला ते ठामपणे सांगता येत नाही. माझं मला सांगता येतं.

माहीत असून मी काय केलं? मी राकेलचा एक रिकामा डबा आणला, त्याचं तोंड चांगलं पंज्याएवढं कापलं, त्यावर कोळशानं शिडी काढली आणि शेजारच्या डब्यावर तराजू. चिन्हं बरोबर शिकवली. त्यात लबाडी केली नाही. ज्याला पाहिजे त्याला द्या म्हणालो. मग म्हणालो, "पेटीले हात लावायचा नाई. वरूनच कागद सोडायचा. सरकारचा नियम हाय."

सरकारचा नियम. हे शब्द आप्पासाहेबांचे नव्हते. हे माझे.

बायांना शिकवावं लागलंच नाही. दुकानात पैसे उंबऱ्यावर ठेवायचे, माल वरून पदरात झेलायचा, विहिरीवर कोणी वरून ओतलं तर ओंजळ धरायची. हात न लावता देणं-घेणं त्यांच्या हाडात होतं. एकेक बाई पुढं यायची, हात उंच धरायची, कागद सोडायची. डब्याचं तोंड मोठं होतं. प्रत्येक कागद आत पडायचा आणि बाया खूष व्हायच्या. पुरुषांना दौलतकाकानं शिकवलं. दौलतकाका माझ्या बापाचा चुलतभाऊ, शिडीचा एजंट तोच होता. सहीपुरतं लिहिता यायचं त्याला. त्यानं मला विचारलं, "बायांचं तू पाह्यशील ना, मास्तर?" मी म्हणालो, पाहीन.

एक गंगूबाई मागं बसली होती. ठार बहिरी. ती नुसती मान हलवत होती.

मतदान शाळेतच होतं. मी जिथं पाढे शिकवायचो त्याच खोलीत. मी तराजूकडून खुर्चीवर बसलो, दौलतकाका शिडीकडून बाकावर. मधे टेबलाशी वर्धेहून आलेले अधिकारी, एरवी एका कचेरीतले कारकून, घामाघूम झालेले. पुरुषांची रांग वेगळी, बायांची वेगळी, पडदा एकच.

आमचे पुरुष आधी येऊन गेले. ते पडद्यामागं जायचे आणि पेटीवर हात पडल्याचा आवाज यायचा. ठप्प. तो आवाज मी दर वेळी ऐकत होतो. पेटीला हात लागला होता. सकाळपासून लागतच होता. ज्या विटाळापासून पेटी वाचवायला मी बायांना शिकवलं तो विटाळ पहिल्या पाच मिनिटांतच होऊन गेला होता. मग बायांना थांबवून सांगायला काय हरकत होती? उठून दारात जायचं आणि म्हणायचं, हात लावा गं. इतकंच. मी उठलो नाही. नव्या टोपीत खुर्चीवर बसून राहिलो.

मग बाया आल्या. पडद्यामागं आवाज नाही. एकामागून एक, आवाज नाही.

माय आली. धुतलेलं लुगडं, डोक्यावरून पदर. अधिकाऱ्यानं विचारलं, "नाव?"

"पुनाबाई," ती म्हणाली. इतक्या मोठ्यानं की बाहेरच्या रांगेतल्या बाया हसल्या. अधिकाऱ्यानं बोटाला शाई लावली. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तराजूच्या खुर्चीवर आहे हे तिला माहीत होतं. आदल्या दिवशीच ती म्हणाली होती, तू तिकडं बस, मी माह्या मनाचं करीन. ती पडद्यामागं गेली. आवाज नाही. बाहेर आली तेव्हा चेहरा असा होता की मला खाली पाहावं लागलं.

आमच्या बाया संपल्यावर पाटलांची सून आत गेली. लगेच परत आली. हातातला कागद हातातच.

"साहेब, आत पेटीवर कागदं पडले हायेत. खालीही हायेत. मी कुठं टाकू?"

अधिकारी आत गेले आणि कागद ओंजळीत घेऊन आले. टेबलावर ठेवून मोजले. तीस. बहुतेक शिडीच्या पेटीवरचे होते, काही घसरून जमिनीवर गेलेले.

दौलतकाका उठला. "साहेब, हे आमच्या बायांचे कागद होत. ज्या पेटीवर होते त्याच पेटीत टाका."

"तसं करता येत नाही," अधिकारी म्हणाले. "आत पडलं तर मत. बाहेर राहिलं तर नुसता कागद. रद्द करावे लागतील." माणूस वाईट नव्हता. त्यानं विचारलं, "पण सगळ्यांनी असं कसं केलं? कोणी शिकवलं यांना?"

दौलतकाकानं माझ्याकडं पाहिलं. "मास्तर, तू शिकवलं ना? सांग ना साहेबाले."

दारात पाटील उभे होते. त्यांच्यामागं आप्पासाहेबांचा पुतण्या.

मी म्हणालो, "घाबरल्या असतील."

अधिकाऱ्यानं कागदाच्या गठ्ठ्याला दोरा बांधला आणि एका कागदावर लिहिलं की इतकी मतपत्रं बाहेर सापडली, रद्द केली. खाली एजंटांच्या सह्या हव्या होत्या. दौलतकाकानं सही केली नाही. मी सही केली. सुरेख सही होती माझी. त्या गठ्ठ्यात माझ्या मायचं मत होतं. कोणतं ते ओळखू येत नव्हतं. सगळे कागद सारखेच होते.

मग पाटलांची सून पुन्हा आत गेली. पडद्यामागून आवाज आला. ठप्प. तिच्यामागून गावातल्या सगळ्या बाया गेल्या. ठप्प. ठप्प. कोणी पेटी पुसून मागितली नाही. कोणी परत गेली नाही.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. दांड्याला निदान कळत तरी नसतं.

संध्याकाळी पुऱ्यात सगळ्या बाया जमल्या होत्या. शाईची बोटं एकमेकींना दाखवत होत्या. सांगत होत्या, सांगितल्यासारखं केलं, हात लावला नाई. बहिऱ्या गंगूबाईनं मात्र हातानं करून दाखवलं की तिनं तर कागद दाबून दाबून आत घातला, जात्यात दाणे घालावे तसा. बाकीच्या तिच्यावर हसल्या. म्हातारीले काई समजत नाई, म्हणाल्या.

एकतीस बायांत एकच मत पेटीत गेलं. जिनं माझं ऐकलं नव्हतं तिचं.

पुतण्या निवडून आला, चांगल्या फरकानं. त्या तीस मतांनी काही बदललं नसतं. हा हिशेब मी स्वतःला सोडवायला किती वेळा मांडला त्याला गणती नाही. पण माय निकाल बदलायला गेली नव्हती. ती आपलं मत द्यायला गेली होती.

निकालानंतर दोन दिवसांनी ती चुलीशी भाकरी थापत होती. बोटाची शाई अजून गेली नव्हती. दौलतकाका कोणाला काही बोलला नव्हता, मीच सांगावं म्हणून. मी सांगितलं. फट बारीक होती तेही सांगितलं. सही केली तेही.

तिचे हात थांबले.

"तुले पयलेपासून ठाऊक होतं?"

"हो."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. उलटली. मग म्हणाली, "मंग मी सरकारच्या पेटीत नाई टाकलं, बापू. मी तुह्या डब्यात टाकलं. थे थ्यातच राह्यलं."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. रडली असती तरी मी पाय धरले असते. तिनं भाकरी काढून माझ्या ताटात ठेवली आणि स्वतः जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी आप्पासाहेबांचं बोलावणं आलं. या वेळी त्यांनी मला ओट्यावर, मेजापर्यंत येऊ दिलं. मेजावर पुतण्याला आलेले हार होते. बाईसाहेब दारात.

"फार छान सांभाळून घेतलंस," ते म्हणाले. "पुढच्या साली तुला वर्धेच्या शाळेत घेऊ. तुझ्यासारखी माणसं आम्हाला हवीत."

माझ्यासारखी माणसं. मी त्यांना कशासाठी हवा होतो ते मला त्या वाक्यात पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. सही करायला हवा होतो. घाबरल्या असतील, असं म्हणायला हवा होतो. ज्याला आपल्याच मायला वर हात धरायला शिकवता येतं, असा माणूस.

मी दोन्ही तळहात त्यांच्या मेजावर ठेवले. पुरे पसरून. बाईसाहेबांची नजर हातांवर गेली.

"बायांना पेटीला हात लावू नका, असं मी सांगितलं," मी म्हणालो. "मला तुम्ही सांगितलं. दोन्ही मी लिहून देणार आहे."

चरखा थांबला. "मी तर फक्त लोकांची भावना तुझ्या कानावर घातली," ते म्हणाले. आवाज तसाच गोड. "कागद बाहेर राहिले ती चूक तुझ्या शिकवण्याची."

"ते खरं आहे. ते मी आधी लिहीन," मी म्हणालो. मग बाईसाहेबांकडं वळलो. "हे मेज आता भिजवून घ्या. पक्कं होईल."

अर्ज मी पुऱ्यातल्या ओट्यावर बसून लिहिला. लिहून झाल्यावर सगळ्यांसमोर वाचला. पहिलं वाक्य असं होतं की या तीस बायांची मतं वाया घालवायचा गुन्हा मी केला आहे आणि तो माहीत असून केला आहे. बाया ऐकत होत्या. कोणी ओरडलं नाही. एकीनं एवढंच विचारलं, "काऊन रे मास्तर?" का, ते मी अर्जात लिहिलं नव्हतं. मग त्या एकेक करून पुढं आल्या आणि अंगठा उठवून गेल्या. मायनं सगळ्यांत शेवटी उठवला. वर्धेच्या कचेरीत अर्ज मी स्वतः नेऊन दिला. उत्तर आलं नाही. शाळेतून काढल्याचं पत्र मात्र चौथ्या दिवशी आलं. मी हिंगणघाटला गिरणीत लागलो.

पुढच्या उन्हाळ्यात माय गेली. त्याच साली दसऱ्याला आम्ही नागपूरला जाऊन धर्म बदलला. दौलतकाका होता, गंगूबाईला खांद्यावर बसवून नेलं होतं. माय नव्हती. सत्तावन्न सालची निवडणूक आली तेव्हा यादीत तिच्या नावावर रेघ होती. तिनं जन्मात एकदाच मत दिलं. ते रद्द झालं आणि रद्द केल्याच्या कागदावर माझी सही आहे.

सत्तावन्न साली मी हिंगणघाटच्या टिनवाल्याकडून एक पेटी बनवून घेतली. फट अगदी तेवढीच बारीक. ती घेऊन मी आमच्या पुऱ्यात गेलो, मग शेजारच्या गावांत. आजही निवडणूक आली की जातो. आता शिक्का आला, पेटी एकच झाली, शिकवण्यासारखं फार राहिलं नाही. तरी जातो. उभा राहून आधी नाव सांगत नाही. आधी सांगतो की मी आपल्याच पुऱ्यातल्या तीस बायांची मतं मारलेला माणूस आहे आणि त्यातलं एक माझ्या मायचं होतं. कोण गोड बोललं, मी काय म्हणालो, किती वेळा हो म्हणालो, सगळं सांगतो. पोरं अस्वस्थ होतात. म्हातारे म्हणतात, जाऊ दे ना मास्तर, झालं गेलं. मी जाऊ देत नाही. मग बायांना म्हणतो, हात लावा. पेटीला लावा, टेबलाला लावा, जो नको म्हणेल त्याच्यासमोर लावा. आणि तो नको म्हणणारा आपल्यातला असेल तर त्याला आधी ओळखा.

माफी मी कोणाची मागत नाही. मागितली तर पुऱ्यातलं कोणीतरी देऊन टाकील. आमची माणसं तशी आहेत. मग मी मोकळा होईन, आणि पुढच्या वेळी कोणी गोड आवाजात 'थोडं सांभाळून घे' म्हणालं तर मोकळा माणूस पुन्हा हो म्हणू शकतो. मला मोकळं व्हायचं नाही.